ज्योचा जळका झगा

घाटकोपरच्या आमच्या वस्तीतील विहारात वर्षावासात रोज ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. यंदा ते आटोपल्यावर मुलांसाठी आम्ही अर्धा तास एक कादंबरी वाचली. पुस्तक होते ‘चौघीजणी’. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची ही १८६८ सालची कादंबरी शांता शेळके यांनी मराठीत आणली आहे.

तिसऱ्या दिवशी एक माउली म्हणाल्या, “दादा, पोरीची यंदा दहावी आहे. अभ्यास सोडून कादंबऱ्या कशाला? आणि विहारात एवढं खिदळणं बरं दिसतं का?”

आम्ही म्हटले, “ताई, आज बसून ऐका, मग सांगा.”

त्या दिवशी नेमका ज्योच्या झग्याचा प्रसंग निघाला. ज्यो ही चार बहिणींतली दुसरी, वय १५. बाप युद्धावर गेलेला, घरात पैशाची ओढाताण. ज्यो नात्यातल्या एका श्रीमंत म्हातारीकडे कामाला जाते, फटकळ बोलते, मुलांसारख्या शिट्ट्या मारते आणि माळ्यावर बसून गोष्टी लिहिते. नाचाच्या मेजवानीचे बोलावणे येते, तर चांगला झगा एकच. शेकोटीला पाठ करून उभे राहायच्या सवयीने तोही मागून जळलेला! हातमोज्यांवर सरबताचे डाग. मग तोड निघते. थोरल्या बहिणीच्या चांगल्या हातमोज्यांतला एकेक दोघींनी घालायचा, डागाळलेला नुसता हातात धरायचा आणि ज्योने सबंध संध्याकाळ पाठ कुणाला दिसू द्यायची नाही. त्यात निघण्याआधी थोरलीचे केस कुरळे करताना ज्योने ते जाळलेले!

मुले हसून बेजार झाली. त्या माउलीही तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, “आमच्यात दोघी बहिणींना एकच धड साडी होती. एक लग्नाला गेली की दुसरी घरात!” त्यांच्या मुलीने ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

आपल्या दुःखाची पुस्तके मुलींनी वाचलीच पाहिजेत. पण गरिबीची लाज न बाळगता स्वतःच्या फजितीवर हसणारी मुलगीही त्यांना भेटली पाहिजे. तीच ज्यो आजारी बापासाठी आपले लांब केस २५ डॉलरला विकते. हसणारी मुलगी उथळ नसते, हे मुलींना निराळे सांगावे लागले नाही.

आणि हे पुस्तक आपल्याला परकेही नाही. ज्योचा बाप ज्या युद्धावर गेला, त्याच यादवी युद्धातून अमेरिकेतील गुलामगिरी संपली. खुद्द लेखिकेने त्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. तिच्या वडिलांनी १८३९ साली बोस्टनच्या आपल्या शाळेत एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा पालकांनी आपली मुले काढून घेतली आणि शाळा बंद पडली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच.

फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा तिखट निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला, तेव्हा ती १४ वर्षांची होती, ज्योहून एक वर्षाने लहान. बक्षीस म्हणून खाऊ मिळाला तेव्हा तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले, असे सांगतात.

तेव्हा पालकांनो, मुलीच्या हाती गाइडांबरोबर एखादे हसवणारे पुस्तकही द्या, आणि शेजारी बसून ऐका. त्या माउली आता रोज येतात, आणि आम्हाला उशीर झाला तर विचारतात, “दादा, आमची ज्यो कुठे राहिली?”

जयभीम!