बेलापूरची वाढती घरं, डिसेंबरातल्या चांदण्या

नवी मुंबईत एकच जागा पाहण्याइतका वेळ असेल, तर मॉल राहू द्या, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर 8 मधलं आर्टिस्ट व्हिलेज पाहा. पारसिक डोंगराच्या पायथ्याची ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात सिडकोसाठी उभारली. सात घरांमध्ये मिळून एक अंगण आणि अशा तीन अंगणांचा मिळून मोठा चौक. एकाही घराची भिंत शेजारच्या घराला चिकटू दिलेली नव्हती. हाताशी पैसा आला की खोली वाढवावी आणि त्यापायी शेजाऱ्याशी वाद होऊ नये, हा त्यामागचा हिशेब.

वाढत्या घरांचा प्रयोग कोरियांनी त्याआधी दक्षिण अमेरिकेतही केला होता. पेरूची राजधानी लिमा इथं 1960 च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रेवी’ ही स्वस्त घरांची योजना आखली गेली. त्यासाठी जगभरातल्या वास्तुरचनाकारांकडून आराखडे मागवले, त्यांत कोरियाही होते. लिमाकरांनी ती घरं मनासारखी वाढवली. वर मजले चढले, खाली दुकानं निघाली. बेलापुरातही तेच झालं. उतरत्या कौलांची मूळ घरं आता शोधावी लागतात, अनेकांच्या जागी दोन-तीन मजली बंगले उभे आहेत. वास्तुकलेचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात आणि हळहळतात. मला काही ती हळहळ पटत नाही. वाढवायलाच दिलेलं घर वाढलं, यात बिघडलं काय? अंगणात गाड्या लागतात, ही तक्रार मात्र रास्त.

विद्यार्थी हा या शहराचा दुसरा चेहरा. नेरूळला डी. वाय. पाटील, एसआयईएस, तेरणा, खारघरला निफ्ट, वाशीत फादर अ‍ॅग्नेल. बाहेरगावची पोरं वन-बीएचकेत चौघं-चौघं राहतात. ‘बॅचलर नकोत’ म्हणणाऱ्या सोसायट्यांची यादी त्यांना पाठ असते. रात्री डबा, वर वडापाव आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून खारघरच्या मुलांची रिक्षावाल्यांशी होणारी घासाघीस जरा कमी झाली, एवढंच.

आणि डिसेंबर लागला की दिवाळीचे आकाशकंदील उतरलेल्या बाल्कन्यांत कागदी चांदण्या लटकतात. इथं मल्याळी, मंगळुरी, गोवेकर आणि तमिळ ख्रिस्ती कुटुंबं बरीच. मल्याळी कॅथलिकांच्या सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत 1988 मध्ये स्थापन झाला, नवी मुंबई त्यातच येते. अनेक मल्याळी घरांत 1 डिसेंबरपासून नाताळापर्यंत उपास पाळतात, मांस-मासळी बंद. कॅरलवाल्यांची टोळी सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या वहीत रीतसर नाव लिहून आत येते. पुढे ढोल, मागे मुखवट्यातला सांता, आणि त्याच्यामागे जिन्याजिन्यातून जमा होणारी, जातधर्माचा पत्ता नसलेली बच्चेकंपनी.

गोवेकर-मंगळुरी घरांत कुसवाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची गडबड असते. नेवऱ्या, दोदोल, आणि कुलकुल. कणकेची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, अंगठ्याने अलगद गुंडाळायची. शिंपल्यासारखी वळी पडते. तळून साखरेत घोळवल्या की डबे भरतात. आजी वळते, नातवंडं निम्म्या पळवतात. दिवाळीत आपल्याकडून गेलेलं फराळाचं ताट या आठवड्यात भरून परत येतं, आणि करंजीला नेवरी भेटते.

तिकडे वाढत्या घरांच्या लिमात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तरीही तिथं मध्यरात्री ‘पानेतोन’ नावाचा गोड पाव आणि वाफाळतं चॉकलेट लागतंच. त्या मानाने आपली हवा नाताळाला जास्त मानवते. खाडीवरून गार वारा सुटलेला असतो आणि नेरूळच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरू लागलेले असतात.

पाहायला यायचं तर हार्बर लाइनने बेलापूरला उतरा, दुपारी आर्टिस्ट व्हिलेज, उन्हं कलताना रोहित आणि अंधार पडल्यावर वाशीचं सेक्रेड हार्ट चर्च, असा बेत करा. 24 च्या रात्रीच्या मिस्सेला गर्दी फार, त्यापेक्षा 25 ची संध्याकाळ निवडा. येशूजन्माचा गोठा सावकाश पाहता येतो. प्रार्थना चालू असेल तर मागे उभे राहा आणि मोबाइल खिशातच ठेवा.