तुकडे केले तरी जिवंत! प्लॅनेरियाच्या स्टेम सेलमध्ये असं आहे तरी काय?

भुसावळ-रावेर पट्ट्यात केळीचा घड कापला की झाडही तोडतात, पण बाग संपत नाही. जमिनीतल्या कंदातून पील वर येतं आणि पुढचं पीक देतं. टिश्यू कल्चरची जी-नाइन रोपं तर कोंबाच्या टोकाच्या छोट्याशा तुकड्यापासून लॅबमध्ये तयार होतात. पान व्हायचं की मूळ, हे अजून न ठरलेल्या पेशी त्या टोकात असतात. या झाल्या केळीच्या स्टेम सेल.

हेच काम एक प्राणी करतो. प्लॅनेरिया हा गोड्या पाण्यातला चपटा कृमी, लांबी जेमतेम काही मिलिमीटर. डोकं कापा, एक-दोन आठवड्यांत मेंदू आणि डोळ्यांसकट नवं येतं. कापलेल्या डोक्यालाही बाकीचं शरीर फुटतं! लॅबमध्ये त्याला साधारण २० अंश तापमानात ठेवतात, म्हणजे आपल्याकडचा मे महिना त्याला झेपणारा नाही.

यामागे आहेत निओब्लास्ट नावाच्या स्टेम सेल. प्रौढ कृमीच्या शरीरात फक्त याच पेशी विभागतात. रेडिएशनने त्या मारल्या, तर कृमी काही आठवड्यांत मरतो, कारण झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या येतच नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेत पीटर रेडियन यांच्या गटाने अशाच मरणाऱ्या कृमीत दुसऱ्याची एकच निओब्लास्ट सोडली. फक्त एक! काही कृमी त्यावर जगले, आणि हळूहळू त्यांचं अख्खं शरीर त्या एका पेशीच्या वंशजांनी भरून गेलं.

पण नुसत्या पेशी असून भागत नाही. डोकं कुठे आणि शेपूट कुठे, हे कोण सांगणार? हा पत्ता मुख्यतः स्नायूंच्या पेशी देतात. २००८ मध्ये बीटा-कॅटेनिन नावाचा जीन बंद करून पाहिला, तर शेपटीच्या जागीही डोकंच उगवलं.

भारतात बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत प्लॅनेरियावर काम चालतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने अशाच पुन्हा वाढणाऱ्या हायड्रावर अनेक वर्षं काम केलं. पुण्यात सापडलेल्या हायड्राच्या एका वाणाचं नावच 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' असं आहे.

मग आपला तुटलेला हात का येत नाही? स्टेम सेल आपल्यातही आहेत, पण प्रत्येकीचं काम ठरलेलं. अस्थिमज्जेतल्या रक्त बनवतात, त्वचेतल्या त्वचा. सगळं काही बनवू शकेल अशी पेशी मोठ्या माणसात नसते. म्हणूनच रीलमध्ये कोणी 'स्टेम सेलने गुडघा नवा' म्हणत असेल तर थांबा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी वापर फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करायला परवानगी आहे. घरात कोणी अशा उपचारासाठी पैसे भरायला निघालं असेल, तर आधी ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा. तो सीटीआरआयच्या वेबसाइटवर फोनवरूनच फुकट तपासता येतो.