कोंबडे, परसातील

मांसासाठी घराच्या परसात वाढविलेले नर पक्षी. अंड्यांतून नर व मादी पिल्ले जवळजवळ सारख्याच संख्येने बाहेर पडतात. पण आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. अंड्यांसाठी निपजविलेल्या जातींची नर पिल्ले मांसाच्या दृष्टीने फार सावकाश वाढतात, म्हणून मोठ्या उबवणी केंद्रांत ती सामान्यतः पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने ही प्रथा २०२२ च्या प्रारंभापासून कायद्याने बंद केली. परसातील नरांच्या वाट्याला निदान काही महिन्यांचे मोकळे आयुष्य येते.

खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबविते व पुढे काही आठवडे पिल्ले सांभाळते. कोंबडे दिवसभर किडे, कोवळे गवत व सांडलेले धान्य टिपतात; संध्याकाळी त्यांना मूठभर कण्या घालून खुराड्यात कोंडतात. मानमोडी (राणीखेत) या विषाणुजन्य रोगाने सबंध थवा नष्ट होऊ शकतो. घरच्या चार कोंबड्यांना लस कशाला, हा समज महागात पडतो. देशी कोंबडा सु. दीड किग्रॅ. भरण्यास पाच-सहा महिने लागतात. याच सुमारास नरांची झुंज सुरू होते व ते कापण्यास योग्य ठरतात. त्याहून जून झाल्यास मांस चिवट होते.

कापण्यापूर्वी रात्रभर पाणी ठेवून दाणा बंद करतात. त्यामुळे अन्नपिशवी रिकामी राहते व मांस दूषित होत नाही. अंधारात पकडलेला कोंबडा फारशी धडपड करीत नाही. पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखे मध्यपटल नसते. त्यामुळे उलटे टांगल्यास आतड्यांचा भार फुप्फुसांवर व वायुकोशांवर पडून श्वास कोंडतो. अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने प्राणी नेणे १९६० च्या केंद्रीय कायद्यानुसार अपराध आहे, तरी पाय बांधून सायकलीला उलटे लटकविलेले कोंबडे बाजाराच्या वाटेवर आजही दिसतात. धडपडीने पंख मोडतात, मांसात रक्त साकळते व ते निबर होते.

पक्ष्याला तळाशी भोक असलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवल्यास पंख आवळलेले राहतात व डोके खाली येते. मग जबड्यालगत गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच वेळी कापतात. मेंदूचा रक्तपुरवठा तुटून थोड्याच सेकंदांत शुद्ध हरपते. नंतरची फडफड अनैच्छिक असते. हलाल पद्धतीत गळा कापतात, तर झटका पद्धतीत एका घावात मान तोडतात. मात्र वेदनेचा काळ पद्धतीच्या नावापेक्षा सुरीची धार आणि हाताचा सराव यांवर अधिक अवलंबून असतो. हे काम इतर कोंबड्यांच्या नजरेआड करावे.

रक्त पूर्ण निथळल्यावर सु. ६०° से. तापमानाच्या पाण्यात मिनिटभर बुडविल्यास पिसे सहज निघतात. पाणी उकळते असल्यास कातडी फाटते. अन्नपिशवी व आतडी काढताना पित्ताशय फुटू देत नाहीत, कारण पित्ताने मांस कडू होते. मांस लगेच शिजविण्याची आपल्याकडे रीत आहे. तथापि ते ४° से. तापमानास काही तास ठेवल्यास मृत्यूनंतर स्नायूंना आलेला ताठरपणा जाऊन ते मऊ शिजते.