नाव लोणच्याचे, स्वभाव मटणाचा

दिवाळीची सुट्टी संपवून मुलगा पुण्याच्या गाडीत बसतो, तेव्हा त्याच्या पिशवीत चिवडा आणि चकलीबरोबर आणखी एक बरणी असते. वर तेलाचा लालभडक तवंग, खाली बोटाच्या पेराएवढे मटणाचे तुकडे. कोल्हापुरातल्या अनेक घरांमध्ये मटणाचे लोणचे असे बांधून देण्याची रीत आहे. हॉस्टेलच्या खोलीत ती बरणी कैरीच्या लोणच्याशेजारी खिडकीत उभी राहते आणि आठ-दहा दिवस रोज थोडी थोडी रिकामी होते. लोणचेच ते, त्याला काय होतेय, असे देणाऱ्यालाही वाटते आणि खाणाऱ्यालाही.

गल्लत नेमकी इथेच होते. मटणाचे लोणचे हे नावापुरते लोणचे आहे. ते कसे टिकते, किती दिवस टिकते आणि ताटात किती घ्यावे, या तिन्ही बाबतींत त्याचे गणित कैरीच्या लोणच्याहून वेगळे आहे.

राजवाडा आणि वस्ती

मांस टिकवण्याची गरज फ्रीजच्या फार आधीची. दाजीपूर-राधानगरीचे रान एकेकाळी कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखीव होते. शिकार मोठी, खाणारे थोडे आणि परतीची वाट लांब. अशा वेळी उरलेले मांस मीठ-मसाल्यात आटवून तेलातुपात मुरवायचे, त्यातून हे लोणचे आले, असे जुने लोक सांगतात. १९५८ मध्ये त्या रानाचे अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार उरली नाही, पण रीत उरली आणि रानातल्या जनावराच्या जागी बोकड आला.

दुसरी वाट गावाबाहेरच्या वस्त्यांतून येते. ज्यांच्याकडे तेलतूप नव्हते, त्यांनी मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवल्या. मराठवाड्यात आणि इतरत्रही दलित घरांमध्ये त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने ही खाद्यसंस्कृती नोंदवून ठेवली आहे. निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात टाकून हे सुके मांस टंचाईचे दिवस काढायला उपयोगी पडे.

जगभर हेच दिसते. दक्षिण अमेरिकेतल्या लोकांच्या ‘चार्की’ या शब्दावरून इंग्रजीत सुक्या मांसाला ‘जर्की’ हे नाव पडले. दक्षिण आफ्रिकेत मांसाला मीठ, व्हिनेगर आणि धणे लावून ‘बिल्टाँग’ वाळवतात. चीनमध्ये हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात खारवलेली बदके टांगतात. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात बदकाच्या तंगड्या एक दिवस मिठात ठेवून, त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून, त्या चरबीखाली बुडवून ठेवतात. त्याला ‘काँफी’ म्हणतात. कोल्हापूरच्या ताटात बदक सहसा नसते, पण काँफीची बरणी आणि मटणाच्या लोणच्याची बरणी शेजारी ठेवली तर दोघींचे नाते लगेच कळते.

तीन कुलपे

मांस नासते ते जिवाणूंमुळे, आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागते. बिनचरबीच्या ताज्या मांसात वजनाच्या सुमारे ७५ टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो मटणात पाऊण किलो पाणीच. टिकवण्याच्या सगळ्या पद्धती या पाण्याला कुलूप लावतात. पहिले कुलूप म्हणजे पाणी आटवणे. दुसरे मीठ. ते उरलेले पाणी धरून ठेवते आणि जिवाणूंच्या हाती लागू देत नाही. तिसरे आंबटपणा.

एक हिशेब करून पाहू. किलोभर मटणाला ३० ग्रॅम मीठ घातले आणि आटवून आत साधारण २५० ग्रॅम पाणी उरले, तर त्या पाण्यात मिठाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जाते. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार घडवणारे जिवाणू इतक्या खारट पाण्यात वाढत नाहीत. तेच मटण नरम राहावे म्हणून अर्धवट आटवले आणि आत ५०० ग्रॅम पाणी उरले, तर मीठ तेवढेच असूनही प्रमाण सहा टक्क्यांच्या खाली येते. कुलूप दिसते, पण लागलेले नसते.

जुन्या पद्धतीत मटणाचे तुकडे लहान करत. आले-लसूण, हळद, मीठ लावून अंगच्या पाण्यात शिजवत आणि पाणी पूर्ण आटल्यावर तेलात खरपूस परतत. ओले खोबरे, कांद्याचे वाटण त्यात घालत नसत, कारण वाटण म्हणजे पुन्हा ओल. तुकडा चिवट होई आणि खारटही लागे. त्या चिवटपणातच त्याचे टिकणे होते. आज चव बदलली आहे. तुकडे मऊ हवेत, मीठ कमी हवे, मसाला ओलसर हवा. ताज्या जेवणासाठी या आवडीत काहीच वावगे नाही. पण पाककृती बदलली आणि बरणी मात्र जुन्याच फडताळात राहिली, तर धोका वाढतो.

कैरी आणि मटण

कैरी मुळातच आंबट. तिचा सामू तीनच्या आसपास असतो. अन्नाचा सामू ४.६ पेक्षा कमी असेल, तर बोट्युलिझमचे जिवाणू त्यात वाढू शकत नाहीत. म्हणून कैरीचे लोणचे फडताळात वर्षभर राहते. मटणाचा सामू साडेपाच ते सहाच्या घरात असतो. त्यात एक-दोन लिंबे पिळली की जिभेला आंबट लागते, पण मांसातली प्रथिने आम्लाचा जोर बराचसा शोषून घेतात. सामू सुरक्षित पातळीखाली गेला की नाही, हे जिभेला कळत नाही. त्यासाठी मोजमापच लागते.

वर तेलाचा थर आहे, म्हणजे काळजी नाही, ही आणखी एक समजूत. तेल हवा अडवते, त्यामुळे बुरशी लागत नाही आणि चरबी लवकर खवट होत नाही. पण बोट्युलिझमचे जिवाणू हवा नसलेल्या जागीच वाढतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची उष्णता लागते. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर गंभीर असतो. एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, घास गिळता न येणे अशी त्याची लक्षणे असतात. ती दिसली तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले होते ते डॉक्टरांना सांगावे.

याहून अधिक आढळणारा त्रास स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचा. तो माणसाच्या हातावर आणि नाकात असतो, आणि इतर जिवाणू दम टाकतील एवढ्या मिठातही तग धरतो. बरणीत उष्टा चमचा किंवा ओला हात गेला की त्याला वाट मिळते. त्याने सोडलेले विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. अन्नाला वास येत नाही, चवही बदलत नाही. त्यामुळे ‘वास घेऊन बघ’ ही परीक्षा इथे उपयोगाची नाही.

ताटात किती?

मटणातले पाणी उडाले की उरते ते सगळे दाट होते. ताज्या मटणात शंभर ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. आटवलेल्या किंवा वाळवलेल्या मटणात हे प्रमाण दुपटीच्या वर जाऊ शकते. लोह आणि बी-१२ जीवनसत्त्वही मिळते. पण त्याबरोबर मीठही दाट होते. वरच्या उदाहरणातले लोणचे तेलासह सहाशे ग्रॅम भरले, तर त्याच्या ५० ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम मीठ येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यायला सांगते. म्हणजे दोन चमचे लोणच्यात दिवसाचा निम्मा वाटा संपतो. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

दुसरा मुद्दा कर्करोगाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये खारवलेले, धुरावलेले, आंबवलेले असे प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत टाकले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज तिने दिला. तंबाखूही याच गटात आहे, म्हणून दोन्ही सारखेच घातक, असा त्याचा अर्थ नव्हे. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. शिवाय हा अंदाज रोज खाणाऱ्यांचा आहे. दिवाळीत चार दिवस खाल्लेले लोणचे आणि रोज सकाळी खाल्लेले सॉसेज यांत फरक आहे.

चरबीचे प्रमाण तुकड्यावर आणि कातडीवर ठरते. बदकाच्या कच्च्या मांसात कातडीसह शंभर ग्रॅममागे जवळपास ३९ ग्रॅम चरबी असते. कातडी काढली की ती सहा ग्रॅमवर येते. मटणातही चरबीचे तुकडे वेगळे काढता येतात, आणि लोणच्यावरचे तेल ताटात घेतलेच पाहिजे असे नाही.

हे मांस खाण्याची उत्तम रीत जुन्या स्वयंपाकातच सापडते. तुलूझच्या लोकांनी काँफीची तंगडी पांढऱ्या घेवड्याच्या मोठ्या भांड्यात शिजवली. चिनी घरांत खारवलेल्या बदकाचे चार पातळ काप भातावर वाफवतात. आपल्याकडे सुक्या मांसाचे दोन तुकडे डाळीत पडले की सगळ्या घराचे कालवण होई. मांस थोडे आणि डाळ-धान्य भरपूर, असे हे प्रमाण. यामागे केवळ काटकसर नव्हती. डाळीतले लोह शरीराला सहज शोषता येत नाही, पण सोबत थोडे मांस असले तर ते जास्त शोषले जाते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, हे लक्षात घेता ही जुनी जोडी मोलाची आहे. मसुराच्या आमटीत लोणच्याचे चार तुकडे टाकावेत, आमटीत वेगळे मीठ घालू नये, सोबत ज्वारीची भाकरी आणि काकडी घ्यावी. चव तीच राहते आणि मीठही आवाक्यात राहते.

बरणी भरताना

घरचे मटणाचे लोणचे शिजवलेले मटण समजून वागवावे. शिजवल्यावर दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जावे, चार दिवसांत संपवावे, आणि अधिक केले असेल तर लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवावे. लागेल तेवढेच काढून वाफा येईपर्यंत गरम करावे. चमचा कोरडा आणि स्वच्छ असावा.

पुण्या-मुंबईला पाठवायचे असेल, तर आदल्या रात्री डबा गोठवावा आणि बर्फाच्या पिशवीसह थर्माकोलच्या खोक्यात द्यावा. तिकडे फ्रीज नसेल तर दोन वेळच्या जेवणापुरतेच द्यावे. विकतची बरणी घेताना चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि साठवणुकीची सूचना पाहावी. व्हिडिओ पाहून कच्चे मांस किंवा बदकाचे काप घरी टांगून वाळवण्याचा मोह टाळावा. ती पद्धत थंड, कोरड्या तळघरांची आहे. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात ती चालत नाही. मांस वाळवायचेच असेल, तर आधी ते आतपर्यंत शिजवून घ्यावे. मटणाच्या गाभ्यापर्यंत ७१ अंश आणि कोंबडी-बदकाला ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचायला हवी.

मुलाच्या पिशवीतली बरणी बंद करायचे कारण नाही. फक्त देताना एक वाक्य जास्त सांगायचे, की पोचल्या पोचल्या पहिल्यांदा ही फ्रीजमध्ये ठेव, बाकीची पिशवी मग उघड.