राज्यसभा म्हणजे दिल्लीतली विधान परिषद नव्हे

लोकसभेला पडलेल्या नेत्याला पक्षाने राज्यसभेवर घेतले की चहाच्या टपरीपासून चॅनेलवरच्या चर्चेपर्यंत एकच शेरा ऐकू येतो: सोय लावली. टोला अनेकदा योग्य जागी बसतोही. पण त्याच्या पाठोपाठ गृहीत धरले जाते, की हे सभागृह शोभेचे आहे, खरे निर्णय लोकसभेत होतात आणि इथे नुसत्या माना डोलवायच्या असतात. ते मात्र चूक आहे. मुंबईत विधानसभा आणि विधान परिषद नांदताना पाहणाऱ्या आपल्याला हा घोटाळा जरा जास्तच होतो. परिषद जशी, तशीच राज्यसभा, असा हिशेब आपण करून मोकळे होतो.

परिषदेचे बळ किती? विधानसभेने मंजूर केलेले विधेयक ती पहिल्या खेपेला तीन महिने रोखू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर करून पाठवले तर आणखी एक महिना. त्यानंतर परिषदेला पटो न पटो, विधेयक मंजूर झाले असेच धरले जाते. परिषद असावी की नसावी, हेही विधानसभेचा ठराव आणि संसदेचा साधा कायदा यांवर ठरते. आंध्र प्रदेशात ती १९८५ मध्ये मोडीत निघाली आणि २००७ मध्ये पुन्हा उभी राहिली. गोव्यात तर ती नाहीच. राज्यसभा मात्र कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि नवे येतात. १९७७ मध्ये लोकसभा विसर्जित झालेली असताना राष्ट्रपती राजवटीच्या ठरावांसाठी एकट्या राज्यसभेची बैठक भरली होती.

निवडणुकीबद्दलही गोंधळ आहेच. राज्यसभेसाठी परिषदेचे आमदार मतदान करतात असे पुष्कळांना वाटते. करत नाहीत; मत फक्त विधानसभेच्या निवडून आलेल्या आमदारांना असते. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत, गोव्याच्या वाट्याला एक. महाराष्ट्रातल्या सहा जागांची निवडणूक असेल आणि सगळ्या २८८ आमदारांनी मतदान केले, तर पहिल्या पसंतीच्या ४२ मतांवर जागा हमखास निघते. म्हणून त्या आठवड्यात आमदारांची हॉटेलांतली बडदास्त वाढते. २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. तरीही मते फुटतात, कारण या मतदानात पक्षाचा आदेश मोडला म्हणून पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी जात नाही.

पंतप्रधान लोकसभेचाच लागतो, हा आणखी एक समज. मनमोहन सिंग दहा वर्षे पंतप्रधान होते आणि त्या सगळ्या काळात आसाममधून राज्यसभेवर होते. सरकार पाडण्याचा अधिकार मात्र लोकसभेचाच. अविश्वासाचा ठराव राज्यसभेत येऊच शकत नाही.

आता कायद्यांकडे येऊ. 'राज्यसभेने अडवले तर संयुक्त बैठक बोलावतात आणि लोकसभा संख्येवर जिंकते' हे वाक्य अर्धे खरे आहे. ५४३ विरुद्ध २४५ हे गणित लोकसभेच्या बाजूचे आहेच. पण प्रजासत्ताकाच्या इतिहासात अशी बैठक तीनदाच लागली: १९६१ मध्ये हुंडाबंदीसाठी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोगाचा कायदा रद्द करण्यासाठी आणि २००२ मध्ये 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्यासाठी. पोटाचे विधेयक राज्यसभेने फेटाळल्यावर वाजपेयी सरकारने पाच दिवसांत संयुक्त बैठक घेतली आणि ४२५ विरुद्ध २९६ मतांनी ते मंजूर करून घेतले.

ही वाट घटनादुरुस्तीला बंद आहे. तिथे प्रत्येक सभागृहात वेगवेगळे, एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. लोकसभा कितीही भरभक्कम असो, राज्यसभा 'नाही' म्हणाली की विषय संपला. राजीव गांधींच्या मागे लोकसभेत चारशेहून अधिक खासदार होते, तरी पंचायत राजची त्यांची घटनादुरुस्ती १९८९ मध्ये राज्यसभेत पडली.

त्याहून नाट्यमय प्रसंग १९७० चा. इंदिरा गांधींच्या सरकारला माजी संस्थानिकांचे तनखे आणि मानमरातब बंद करायचे होते. यशवंतराव चव्हाणांनी गृहमंत्री असताना संस्थानिकांशी वाटाघाटी करून पाहिल्या होत्या. तडजोड जमली नाही. २ सप्टेंबरला लोकसभेने घटनादुरुस्ती ३३२ विरुद्ध १५४ मतांनी मंजूर केली. तीन दिवसांनी राज्यसभेत मतदान झाले: बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण मते २२४, त्यांचे दोन तृतीयांश १४९.३३. म्हणजे हव्या असलेल्या संख्येला एका मताचा एक तृतीयांश कमी पडला आणि दुप्पट मतांनी जवळजवळ जिंकलेले सरकार हरले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली गेली. माझ्या मते संसदेने नाकारलेली गोष्ट खिडकीतून आत घेण्याचाच तो प्रकार होता. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने आदेश रद्द केला. त्याच महिन्यात इंदिरा गांधींनी लोकसभा विसर्जित करायला लावली, १९७१ ची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकली आणि त्या वर्षाअखेर सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. निवडणुका वर्षभर आधी होण्यामागे ही हार हे एकमेव कारण नव्हते, पण तिचा वाटा होता.

आणखी दोन अधिकार असे आहेत, जे लोकसभेकडे नाहीतच. राज्यसूचीतल्या विषयावर संसदेने राष्ट्रहितासाठी कायदा करायचा, किंवा आयएएससारखी नवी अखिल भारतीय सेवा सुरू करायची, तर आधी राज्यसभेचा दोन तृतीयांश मतांचा ठराव लागतो.

मग ती खरोखर दुबळी कुठे आहे? पैशाच्या बाबतीत. धन विधेयक तिथे मांडता येत नाही. आलेले चौदा दिवसांत परत करावे लागते आणि तिने सुचवलेल्या दुरुस्त्या घ्यायच्या की नाही, हे लोकसभा ठरवते. विधेयक धन विधेयक आहे की नाही, यावर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम, असे राज्यघटना म्हणते. त्यामुळे राज्यसभेत बहुमत नसलेल्या सरकारला त्या शिक्क्याचा मोह होतो. २०१६ मध्ये आधारचे विधेयक धन विधेयक म्हणून आले. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी पाचही नाकारल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने हे चालवून घेतले, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र वेगळे निकालपत्र लिहून हे विधेयक धन विधेयक म्हणून नेणे घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी २०१७ च्या वित्त कायद्याच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने आधारच्या बहुमताच्या निकालातल्या याच भागावर शंका घेतली आणि धन विधेयक कशाला म्हणायचे, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.