केबल नेमकी कुठे बिघडली?

आम्ही केडगावच्या बचत गटाच्या. पावसाळ्यात आपलं सामुदायिक रेडिओ केंद्र जवळपास नीट ऐकू येतं आणि लांबच्या वस्तीवर नुसती खरखर, असं झालं की बायका घरातल्या रेडिओला नावं ठेवतात. पुष्कळदा दोष केंद्राच्या मनोऱ्यावर जाणाऱ्या केबलचा असतो.

ट्रान्समीटर खाली खोलीत असतो, अँटेना 15 ते 30 मीटर उंचावर. मधल्या काळ्या केबलचं आवरण उन्हानं तडकलं किंवा जोडावरची पट्टी सुटली, की पाणी झिरपतं. तिथून लहरींचा काही भाग माघारी फिरतो. माघारी येणारी शक्ती वाढली, की बरेच ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला जोर कमी करतात.

पण पाणी शिरलं कुठे? अख्खी केबल बदलणं महाग, आणि अंदाजानं माणूस मनोऱ्यावर चढवणं त्याहून वाईट. इथे नेटवर्क अ‍ॅनालायझर कामाला येतो. नाव भारदस्त असलं, तरी तळहातावर मावणारी यंत्रंही आता मिळतात.

कपडे वाळत घालायची दोरी खांबाला बांधा आणि दुसऱ्या टोकाला झटका द्या. लाट खांबापर्यंत जाते, उलटी होऊन परत येते. पाणी शिरलेल्या जागेवरूनही लहर अशीच उलटी येते, म्हणून आलेखात खड्डा दिसतो. तार तुटली असेल तर वर उडी दिसते. यंत्र मात्र झटका देत नाही. ते एकामागून एक शेकडो फ्रिक्वेन्सी पाठवतं, प्रत्येकीचं किती परत आलं ते मोजतं आणि गणितानं वेळेचा आलेख काढतं. फक्त 88 ते 108 मेगाहर्ट्झ मोजलं, तर जागा पाचेक मीटरच्या आत कळत नाही. हजार मेगाहर्ट्झपर्यंत मोजलं, तर वितभराच्या फरकानं कळते.

भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे 20 सेंटीमीटर जाते. ती 120 नॅनोसेकंदांनी परतली, तर जाऊन-येऊन 24 मीटर झाले, म्हणजे बिघाड 12 मीटरवर. फोमच्या केबलमध्ये वेग जास्त असतो. तो 25 सेंटीमीटर धरला, तर तोच बिघाड 15 मीटरवर निघतो. म्हणून केबलच्या माहितीपत्रकातला वेग आधी यंत्रात भरायचा, नाहीतर तीन मीटर चुकीच्या जागी केबल कापली जाईल.

मोजण्याआधी ट्रान्समीटर बंद करून केबल त्यापासून सोडवायची; त्याची शक्ती यंत्रात शिरली तर यंत्र जळतं. आणि केबल नवी, कोरडी असतानाच एक आलेख काढून ठेवायचा. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही शेजारी ठेवले, की नवा खड्डा लगेच ओळखू येतो.