पगार थांबतो तेव्हा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले. भोंगे थांबले आणि पुढे कित्येक गिरण्यांचे ते कायमचेच थांबले. गिरणगावातील खोल्याखोल्यांतून एकच प्रश्न उभा राहिला : पुढच्या महिन्याचा संसार कशावर चालवावयाचा? आज तोच प्रश्न कचेरीत संगणकासमोर बसणाऱ्या तरुणापुढेही अवचित येऊन ठाकतो.

नोकरी गेली की पहिला मोह होतो तो ती गोष्ट लपविण्याचा. सकाळी डबा घेऊन बाहेर पडावयाचे, दिवस कोठेतरी घालवून संध्याकाळी परतावयाचे! यात अब्रू राखल्याचे समाधान मिळते खरे. परंतु घरातील खर्चाचा हात पूर्वीसारखाच सैल राहतो. गृहिणी सणाची खरेदी करते, मुलगा सहलीचे पैसे मागतो आणि शिल्लक मुकाट्याने आटत जाते. म्हणून पहिल्याच रात्री, जेवणे आटोपल्यावर, घरच्या जाणत्या माणसांना जवळ बसवून खरे काय ते सांगून टाकावे.

मग आपले येणे किती, हे पाहावे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षे अखंड नोकरी केलेल्यास ग्रॅच्युइटीचा हक्क असतो. १९७२ च्या कायद्याने तो देशभर लागू झाला. सव्वीस दिवसांचा महिना धरून, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून दरमहा २६,००० रुपये आणि नोकरी दहा वर्षांची असेल, तर ही रक्कम १,५०,००० रुपये होते.

एवढे पैसे एकदम हाती आले म्हणजे घराची डागडुजी आठवते, लग्नकार्य आठवते. येथेच सावध राहावे. भाडे, किराणा, दूध, गॅस, वीज, औषधे व शाळेची फी यांस महिना २५,००० रुपये लागत असतील, तर दीड लक्ष म्हणजे अवघे सहा महिने. हाती असलेली पुंजी रुपयांत न मोजता महिन्यांत मोजावी. ती वेगळ्या खात्यात ठेवून दर एक तारखेस, पगार आल्याप्रमाणे, ठरलेलीच रक्कम काढावी. भविष्यनिर्वाह निधीला शक्य तो शेवटीच हात लावावा.

कर्जाचा हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेत जाऊन सवलत मागावी. चुकल्यानंतर बोलणे अवघड होते. कचेरीचा आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो. तेव्हा इतर खर्चांस कात्री लावली, तरी घरच्यांचा विमा उतरवावा. एक आजारपण साऱ्या पुंजीवर पाणी फिरवू शकते.

गिरणगावातील अनेक स्त्रिया खाणावळी चालवून संसाराला हातभार लावीत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. अडचणीच्या काळात घरातील कोणाच्या हातात काय आहे, हे सर्वांनी मिळून बसल्यावाचून कळत नाही. पहिल्या रात्रीच्या त्या बैठकीत जमाखर्चाची वही मध्ये ठेवावी आणि प्रत्येकाला बोलू द्यावे.